तुमचा धंदा आवाजावर चालतो की शिट्टीवर?



आज जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. विषय आहे ब्रिटनमधला कामाचा स्पॅनियल कुत्रा, तोही पूर्ण वाढलेला, आणि त्याला शिट्टीवर काम करायला कसं शिकवतात. तुम्ही म्हणाल, "सर, आम्हाला मसाल्याचा धंदा सुरू करायचाय, तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात?" दहा मिनिटं द्या. माझं एक ठाम मत आहे आणि ते मला या कुत्र्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून सांगता येत नाही. जो धंदा फक्त मालकाच्या आवाजावर चालतो, तो मालकाचा घसा बसला की बसतो.

हा कुत्रा काम काय करतो?

आपल्याकडे स्पॅनियल म्हटलं की लांब कानांचा, सोफ्यावर लोळणारा कुत्रा डोळ्यासमोर येतो. ब्रिटनमध्ये इंग्लिश स्प्रिंगर आणि कॉकर या जातींच्या कामाच्या वेगळ्या वंशावळी आहेत. तिथं पाखरांच्या शिकारीचा हंगाम कायद्यानं ठरलेला असतो. फेझंट या पक्ष्याचा हंगाम इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. तेव्हा शिकारीचं राहू द्या, आपण शिकवण्याची पद्धत बघू.

स्पॅनियलचं काम असं. मालकाच्या पुढं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी धावत झुडपं हुंगायची. लपलेलं पाखरू सापडलं की ते उठवायचं. पाखरू उडालं की जागच्या जागी खाली बसायचं. बंदुकीचा आवाज झाला तरी हलायचं नाही. सांगितलं तरच जाऊन पाखरू उचलून आणायचं.

आता यातली अडचण बघा. छर्‍यांच्या बंदुकीचा कामाचा पल्ला साधारण ३५-४० मीटर. कुत्रा त्याच्या पलीकडे गेला की त्यानं कितीही पाखरं उठवली तरी सगळी मेहनत वाया. आणि उडालेल्या पाखराच्या मागं धावत सुटला तर तो थेट गोळीच्या वाटेत येतो, नाहीतर शेताच्या कडेच्या रस्त्यावर गाडीखाली जातो. म्हणजे मालकाचा इशारा त्या एका सेकंदात पोचला नाही, तर कुत्रा जिवानिशी जातो. एवढं सगळं एका छोट्या शिट्टीवर अवलंबून असतं.

मग आवाज का नको?

कारण आवाजात मालक दिसतो. सकाळी ताजातवाना असताना "बस" म्हणतो ते वेगळं, दुपारी दमल्यावर म्हणतो ते वेगळं, आणि घाबरून ओरडतो ते तर तिसरंच. शब्द एक, पण कुत्र्याच्या कानाला तीन. त्यात वारा असतो, अंतर असतं. शिवाय माणसाच्या ओरडण्यानं पाखरं सावध होतात.

शिट्टीला मूड नसतो. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी १८७० मध्ये शिट्ट्यांचा कारखाना सुरू केला. १८८३ मध्ये त्यांची शिट्टी लंडनच्या पोलिसांनी घेतली, १८८४ मध्ये मैदानावरच्या पंचांची 'थंडरर' आली. आज त्याच कंपनीच्या 'ॲक्मी' शिट्ट्या कुत्र्यांच्या ट्रेनरच्या गळ्यात असतात. या शिट्ट्यांवर नंबर असतो. स्पॅनियलवाले बहुतेक २१०.५ घेतात, लॅब्रॅडॉरवाले २११.५. एका नंबरच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर सारखा. आज हरवली, उद्या दुकानातून त्याच नंबरची आणली, की कुत्र्यासाठी काहीच बदललं नाही. मालकाच्या जागी त्याची बायको आली, मुलगा आला, तरी सूर तोच.

भाषाही मोजकी. एक लांब शिट्टी म्हणजे थांब, बस, माझ्याकडे बघ. दोन आखूड म्हणजे दिशा वळव. चार-पाच आखूड सलग म्हणजे परत ये. काही ट्रेनर यात थोडा बदल करतात, ते चालतं. फक्त एकदा ठरलं की बदलायचं नाही.

हे आपल्याला नवीन आहे का हो? एसटीत बसलाय ना? एक बेल थांबा, दोन बेल निघा. आजचा ड्रायव्हर आणि आजचा कंडक्टर आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना भेटत असतील, तरी गाडी स्वारगेटवरून निघून सातारला पोचते. कंडक्टरनं "अहो, घ्या की पुढं" असं प्रत्येक थांब्यावर आपल्या लहरीप्रमाणे ओरडायचं ठरवलं असतं तर?

वाढलेल्या कुत्र्याला कसं शिकवतात?

लहानपणी वळण लागलं तर लागलं, मोठेपणी काही होत नाही, असं आपण सहज बोलून जातो. स्पॅनियलच्या बाबतीत हे खरं नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचं अंग भरलेलं असतं, लक्ष पिल्लापेक्षा जास्त वेळ टिकतं. शिकणं त्याला जड जात नाही. जड जातं ते आधीचं शिकलेलं पुसणं. सशाच्या मागं धावण्यात जी मजा आहे ती त्यानं चाखलेली असते. ती मजा त्याचं बक्षीस असते आणि ती द्यायला मालक लागत नाही.

त्यामुळे जाणते लोक क्रम पाळतात.

पहिली गोष्ट, आधीची शिट्टी खराब झाली असेल तर ती ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायची. खराब म्हणजे फुटलेली नव्हे. जी शंभर वेळा वाजली आणि ऐंशी वेळा कुत्र्यानं ऐकली नाही, ती खराब. कुत्र्यासाठी तो सूर आता वाऱ्याच्या आवाजासारखा झालेला असतो. नवा नंबर घ्यायचा आणि शून्यापासून सुरुवात करायची.

दुसरी गोष्ट, नवा इशारा जुन्या इशाऱ्याच्या आधी द्यायचा. समजा कुत्र्याला 'बस' हा शब्द येतो. आधी शिट्टी, मग सेकंदभर थांबून शब्द. काही दिवसांत तो शब्दाची वाट न बघता शिट्टीलाच बसतो. उलटं केलं, म्हणजे आधी शब्द आणि मग शिट्टी, तर कुत्रा शब्दालाच बसून मोकळा होतो आणि शिट्टी नुसतीच वाजत राहते. क्रमातला एवढासा फरक, पण त्यावर महिन्याची मेहनत फुकट जाऊ शकते.

तिसरी गोष्ट, जागा हळूहळू अवघड करायची. आधी घरात, जेवणाच्या भांड्याशेजारी. मग अंगणात. मग शांत शेतात, पट्ट्याला दहा मीटर दोरी बांधून. मग समोर चेंडू किंवा कापडाची डमी फेकून. मग पाखरांचा वास असलेल्या रानात. बंदुकीचा आवाज सगळ्यात शेवटी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही, आणि पुढची फसली की गुपचूप एक पायरी मागं. रोज दहा-दहा मिनिटांचे दोन धडे पुरतात. तासभर रगडलं तर कुत्रा कंटाळतो आणि मालक चिडतो.

चौथी गोष्ट बारीक आहे, पण मला सगळ्यात जास्त आवडते. 'थांब' शिकवताना बक्षीस कुत्रा जिथं थांबला तिथंच द्यायचं. चालत जाऊन द्यायचं, नाहीतर चेंडू त्याच्या डोक्यावरून मागं टाकायचा. बक्षिसासाठी दर वेळी त्याला आपल्याकडे बोलावलं तर तो थांबायचं सोडून मालकाकडे सरकायला लागतो. ज्या वागण्याजवळ बक्षीस ठेवाल, तेच वागणं वाढतं.

'परत ये'चं पण तसंच. फिरणं संपवून साखळी लावायची वेळ आली की मगच शिट्टी वाजत असेल, तर शिट्टी म्हणजे मजा संपली, हे कुत्रा चार दिवसांत शिकतो. म्हणून दहा वेळा बोलवायचं आणि नऊ वेळा खाऊ देऊन, पाठ थोपटून परत हुंगायला सोडायचं. स्पॅनियलला खाऊपेक्षाही हुंगायला सोडणं हेच मोठं बक्षीस वाटतं.

एकदाच वाजवायची

आता मुद्द्याचं बोलू. या सगळ्या शिकवणीतला सगळ्यात कठीण नियम कुत्र्यासाठी नाही, मालकासाठी आहे. शिट्टी एकदा वाजवायची. कुत्र्यानं ऐकलं नाही तर पुन्हा पुन्हा वाजवायची नाही. चालत जायचं, त्याला जिथं थांबायला हवं होतं तिथं शांतपणे आणून बसवायचं, आणि पुढच्या वेळी पायरी सोपी करायची. आणि जिथं आपलं म्हणणं आपण पूर्ण करून घेऊ शकत नाही, तिथं शिट्टी तोंडाला लावायचीच नाही. ससा पुढं, कुत्रा त्याच्या मागं, दोरी हातात नाही, अशा वेळी वाजवलेली प्रत्येक शिट्टी कुत्र्याला एकच धडा देते: ही वाजली तरी काही होत नाही.

आता तुमच्या दुकानाकडे बघा. "उद्यापासून उशिरा आलात तर बघा हं!" हे वाक्य तुम्ही किती वेळा बोललात? आणि उद्या काय झालं? काहीच नाही. मग परवा अजून मोठ्यानं बोललात. पोरं ऐकत नाहीत अशी तुमची तक्रार आहे. माझं म्हणणं असं की पोरं अगदी नीट शिकली आहेत. मालक तीन वेळा बोलेपर्यंत काही करायचं नसतं, हे तुम्हीच त्यांना शिकवलंत.

आणि तुमचे इशारे तरी कोणते? "नीट पॅक कर." नीट म्हणजे काय? "जरा लवकर दे." जरा म्हणजे किती? खानावळ चालवताय तर "डबे ११ वाजता दाराबाहेर" हा इशारा आहे. केकचा धंदा आहे तर "दुपारी ४ नंतरची ऑर्डर उद्याची" हा इशारा आहे. घरातल्या कुकरकडून शिका. आईनं "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर" सांगितलं की दहा वर्षांचं पोरगंही चुकत नाही. "शिजलं असं वाटलं की बंद कर" सांगून बघा.

शिट्टी कधी वाजवायची नाही?

इथं बरेच उत्साही लोक उलट्या बाजूला घसरतात. थांबायची शिट्टी कुत्र्याला जमली की त्यांना तिचा नादच लागतो. कुत्रा जरा धावला की शिट्टी, जरा हुंगलं की शिट्टी. परिणाम काय होतो? कुत्रा दर चार पावलांना मागं वळून मालकाकडे बघायला लागतो. अगदी आज्ञाधारक दिसतो, पण नाक बंद पडलेलं असतं. पाखरू कुठं आहे हे शोधायचं काम कुत्र्याच्या नाकाचं आहे आणि त्यातलं मालकाला शून्य कळतं. शिट्टी फक्त हद्दीसाठी असते. किती लांब जायचं, कधी थांबायचं, कधी परतायचं. हद्दीच्या आत कुठल्या झुडपात नाक घालायचं हे त्याचं तो ठरवतो.

तुमच्या चांगल्या कारागिराला तुम्ही दर पाच मिनिटांनी फोन करत असाल, तर तुम्ही एका नाकवाल्या माणसाला मागं वळून बघायची सवय लावताय. मग एक दिवस म्हणाल, "आमच्याकडे कोणी स्वतःचं डोकंच वापरत नाही." कसं वापरणार?

कुत्रा विकताना खरं काय विकलं जातं?

ब्रिटनमध्ये पूर्ण शिकवलेला वाढलेला स्पॅनियल विकत मिळतो आणि त्याची किंमत पिल्लाच्या कितीतरी पट असते. पण चांगला विक्रेता पैसे घेऊन नुसती साखळी हातात देत नाही. तो गिऱ्हाइकाला शेतात नेतो, कुत्रा चालवून दाखवतो, मग गिऱ्हाइकाच्या तोंडात शिट्टी देऊन त्यालाच चालवायला लावतो. कोणता नंबर, कोणता इशारा, हाताची खूण कोणती, सगळं सांगतो. आणि बजावतो की पहिले काही आठवडे घाई करू नका, सोप्या गोष्टींपासून सुरुवात करा, कुत्रा तुम्हाला चाचपून बघणार आहे.

का? कारण गिऱ्हाइकाला ती भाषा आली नाही तर दोन महिन्यांत तो महागडा कुत्रा पुन्हा मनाला येईल तसा पळायला लागतो. कुत्रा तोच, नाक तेच, पाय तेच. इशारे हवेत विरले की किंमतही गेली.

तुमच्या धंद्याची हीच परीक्षा घ्या. बहिणीचं लग्न आहे, चार दिवस तुम्ही दुकानात नाही. धंदा चालेल की मांडवात कानाला फोन लावून उभे राहाल? उद्या दुसरी शाखा काढायची झाली तर तिथं काय नेणार? तुमचा आवाज एकच आहे, तो एकाच ठिकाणी असणार. मुलीच्या हाती धंदा सोपवायचा झाला तर तिला काय देणार? गाळा, मशीन आणि गिऱ्हाइकांची यादी दिलीत, पण इशारे सगळे तुमच्या घशातच राहिले, तर तिला पिल्लापासून सुरुवात करावी लागेल.

"पण सर, माणसं म्हणजे कुत्री नव्हेत!"

बरोबर, आणि हे तुम्ही विचारलंच पाहिजे. माणसाला पगार वेळेवर लागतो, मान लागतो, आणि त्याला "का?" विचारता येतं. कुत्र्याला ते विचारता येत नाही. म्हणून माणसांच्या बाबतीत आपल्यावर एक काम जास्त येतं: प्रत्येक नियमामागचं कारण सांगायचं, आणि कारण पटत नसेल तर नियम बदलायची तयारी ठेवायची.

पण जरा विचार करा. पूर्वी इंग्रजीत कुत्रा शिकवण्याला सरळ 'ब्रेकिंग' म्हणायचे. हचिन्सन यांचं १८४८ चं या विषयावरचं पुस्तकही 'डॉग ब्रेकिंग' याच नावाचं. आज तिथं 'ट्रेनिंग' हा शब्द रुळलाय. आपल्याकडे मात्र कितीतरी गाळ्यांमध्ये अजून "धाक पाहिजे" हेच मॅनेजमेंट चालतं. मालकाचा मूड बघून कामाला लागायचं, मूड बघून सुट्टी मागायची. माझ्या मते मूडवर चालणारा हुकूम हा समोरच्याचा अपमान आहे. स्पष्ट, ठरलेला, कायम राहणारा इशारा हा त्याचा मान आहे. आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे ज्याला पक्कं माहीत असतं, तो मालकाचा चेहरा वाचण्यात दिवस घालवत नाही.

काही जण म्हणतील, धंदा छोटा आहे, दोनच माणसं आहेत, एवढं कशाला? मी म्हणेन, दोनच असताना करा. वीस झाल्यावर तुमच्या जुन्या सवयी वीस जणांच्या अंगात मुरलेल्या असतील, आणि मुरलेलं पुसायला किती कष्ट लागतात ते वर वाचलंतच.

आता तुमचं काम

एक वही घ्या. आज फक्त तीन इशारे लिहा.

थांब: कोणती गोष्ट दिसली की तुम्हाला न विचारता काम थांबवायचं? तेलाला वास येतोय, पाकिटाचं वजन कमी भरतंय, मशीनचा आवाज बदललाय. आणि ज्यानं थांबवलं त्याला त्याच जागी शाबासकी. नुकसान झालं म्हणून बोलणी नाहीत.

वळ: ऑर्डर बदलली तर ती कुठं लिहिली जाणार? फळ्यावर की ग्रुपवर? एकच जागा. तोंडी बदल बंद.

परत ये: दिवस संपताना कोण, किती वाजता, कोणत्या तीन आकड्यांचा हिशेब देणार? आणि तो देताना दर वेळी ओरडा मिळणार नाही याची काळजी तुम्ही घ्यायची.

एका वेळी एकच इशारा लावा. पहिला पक्का झाला की दुसरा. आणि जो पूर्ण करून घ्यायची तुमची तयारी नाही, तो वहीतून खोडून टाका. दहा पोकळ नियमांपेक्षा तीन खरे नियम असलेलं दुकान कधीही जास्त नीट चालतं.

मग एक दिवस मुद्दाम दुकानात जाऊ नका. फोनही करू नका. संध्याकाळी जाऊन बघा, डबे ११ वाजता दाराबाहेर पडले होते का. पडले असतील तर तुमच्याकडे धंदा आहे. नसतील पडले तर चिडू नका, एक पायरी मागं या आणि पुन्हा शिकवा.

लागा कामाला. भेटू पुढच्या व्हिडिओत.